आबांचं प्यादं एकच घर का चालायचं

आबा, मला अजून विश्वास बसत नाहीये. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्याबद्दल नवीन काही कळेल असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही कसे होतात हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं आणि विषय बंद केला होता. आज सकाळी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये माझ्या मुलीपेक्षाही लहान पोरगी काहीतरी बोलून गेली आणि तेव्हापासून मी हबकून बसले आहे.

निवृत्त झाल्यावर घरात बसून डोकं गंजायला लागलं, म्हणून मी बुद्धिबळाच्या क्लासला नाव घातलं. शाळेत शिकलेलं बहुतेक विसरले होते, त्यामुळे नवशिक्यांच्यात बसते. शेजारी दुसरी-तिसरीतली पोरं नाक ओढत मला शह देतात. शिकवणारी मुलगी हातकणंगल्याची. ती म्हणाली, काकू, स्पर्धा जवळ आलीय, पांढऱ्या सोंगट्या आल्या की सुरुवात कशी करायची ते एकदा ठरवा आणि तेवढंच घोटा. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट, अशी एक सुरुवात तिने दाखवली. वजिराच्या बाजूची दुसरी. मला काय सुचलं कोण जाणे, मी गमतीने तुमची मांडली. राजापुढचं प्यादं एक घर, वजिरापुढचं एक घर, मग दोन्ही घोडे. म्हटलं, आमचे वडील अशी करायचे, भित्र्या माणसाची सुरुवात. ती हसली नाही. म्हणाली, "काकू, हे भित्रं नाही, हे देशी आहे. माझे आजोबा असंच खेळायचे. जुन्या खेळात प्यादं पहिल्यापासून एकच घर चालतं. राजा-हत्तीचा किल्लेकोट नसतो. आणि राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते." माझ्या हातातला घोडा हातातच राहिला.

कारण ती उडी मी पाहिली होती. गडमुडशिंगीचं आपलं स्वयंपाकघर. आई भाकऱ्या थापतेय. तुम्ही उद्यमनगरातल्या कारखान्यातून सायकलने आलाय, हात धुऊनही ऑइलचा वास येतोय. मी सहावीत आहे, शाळेत बाईंनी नुकतंच बुद्धिबळ शिकवलंय. मी प्यादं दोन घरं सरकवते. तुम्ही पटाकडे बघत राहता आणि विचारता, हे दोन घर कुठनं काढलंस? मी ठसक्यात सांगते, नियमच आहे. "व्हय? मग तू चाल की दोन. माझं प्यादं एकच घर जातंय." पुढे एका डावात तुमचा राजा टुणकन उडी मारून बाजूला गेला आणि मी घर डोक्यावर घेतलं. लबाडी, लबाडी. तुम्ही राजा उचलून जागेवर ठेवलात आणि चहा प्यायलात. पुन्हा कधी तो उडाला नाही. तो डावही मी जिंकला, त्यानंतरचे सगळेच जिंकले.

मला वाटायचं, तुमचा स्वभावच तो. मालकांनी भागीदारीत या म्हटलं, तुम्ही नको म्हणालात. शहरात जागा मिळत होती, तीही नको. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे ते प्यादं यायचं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि आमच्या आबांची एक घर, हे मी सासरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, लोक हसले. तुमच्यासारखं व्हायचं नाही म्हणून मी मात्र ठरवून लांबलांब उड्या मारल्या. काही पायावर पडल्या, काही तोंडावर. आणि आज कळतंय की तो स्वभाव नव्हता, नियम होता. निदान पटावर तरी. माझे नवे नियम तुम्ही मला देऊन टाकलेत, स्वतः जुन्यावर राहिलात, आणि जुन्यातली एकुलती एक उडी माझ्या एका ओरडण्यावर सोडून दिलीत. एक शब्द सांगायला काय झालं होतं? खरं सांगते, मला तुमचा राग आलाय.

मी क्लासमधून तडक रिक्षा करून मुडशिंगीला गेले. आई मेथी निवडत बसली होती. म्हटलं, आबांना नवा खेळ येतच नव्हता का गं? तिने मान वर केली नाही. म्हणाली, "न यायला काय झालं? कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत नव्या रीतीनंच खेळायचे की. कुणाला हार जायचे न्हाईत." मग माझ्याशीच का तसं, असं मी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली, ही एवढी शिकलेली आणि हिला एवढंही कळेना, अशी. "तुला हरलेलं खपायचं न्हाय. पट उधळून उठायचीस. म्हणायचे, जिंकत ऱ्हायली तर रोज बसंल माझ्याजवळ."

तिच्यासमोर बसून मीही मेथी निवडायला घेतली. आईची जुडी संपत आली होती. काड्या गोळा करता करता तिने सहज विचारलं, मग तू एकदम खेळायची थांबलीस का गं, ते किती दिवस पट मांडून वाट बघायचे. मी म्हटलं, दहावीचा अभ्यास होता.

आबा, अभ्यास नव्हता. तुम्ही रोज हरायचात आणि मला त्याचा कंटाळा आला होता. हे आईला सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि ज्यांना सांगायचं त्यांच्यापर्यंत हा कागद जाणार नाही, म्हणूनच इथे लिहिता आलं.