शंभर फील्डच्या पुढे

२ सप्टेंबर, सोमवार

आजही शून्य. दवाखान्याच्या फलकावर खडूनं आकडा बदलला — अठ्ठावीस दिवस राहिले. तीस तारखेला तीन वर्षं पूर्ण होतील. देशात कुठंही इथल्या डासानं दिलेला मलेरिया नाही! मग मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र. काल टीव्हीवर मंत्री सांगत होते, सरकारनं शब्द दिला होता, सरकारनं पाळला. शब्द सरकारचा, डोळे माझे! तीस वर्षं मायक्रोस्कोपला लावून लावून दोन्हींचे नंबर वाढले.

पूर्वी पावसाळ्यात माझ्या खिडकीसमोर रांग लागायची. 'काचवाल्या बाई, माझी काच बघितली का?' आज दिवसभरात रक्ताच्या दोन स्लाइड आल्या. दोन्ही माणसं रिपोर्ट न्यायलाही परत आली नाहीत.

५ सप्टेंबर, गुरुवार

मुलाचा फोन. 'आई, प्रमाणपत्र आलं की तुझी जागा रद्दच होणार, मग तिथं एकटी काय करशील?' मी म्हटलं, बघू. चार वर्षं झाली हे जाऊन, अजून कुकरला दोघांचाच भात लावते.

८ सप्टेंबर, रविवार

पाच वाजता गल्लीतली शिवणवाली आली, नेहमीसारखी. माझ्या मागच्या पायरीवर बसून चहा, दिवेलागणीपर्यंत. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं हे एकच माणूस. 'तुमच्या दवाखान्यात माशा मारायचं काम आहे, डास कुठले!' म्हणाली. खूप हसलो दोघी.

तिनं विचारलं, साहेब कुठं भेटले तुम्हाला? सांगितलं सगळं. लग्नाआधी मी जंगलातल्या कॅम्पवर होते, तिथं मला तापानं धरलं. एक दिवस ताप, दोन दिवस बरी, चौथ्या दिवशी परत. गोळ्यांनी भयंकर मळमळायचं. आणि हे मला पाहायला येणार! बघायला आलेल्या मुलासमोर ओकायचं? शेवटच्या दिवसाची पुडी दिली खिडकीतून फेकून. 'बरं झालं फेकलीत,' ती म्हणाली. मलाही तसंच वाटतं.

९ सप्टेंबर, सोमवार

शिवणवालीला ताप. स्वतःच आली स्लाइड द्यायला, तोंडानं चालूच — 'सुईनं पोट भरते, पण टोचून घ्यायला घाबरते.' निगेटिव्ह लिहिलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

तिला परत ताप. मधले दोन दिवस ठणठणीत होती. डॉक्टर म्हणाले, हवा बदललीय.

१५ सप्टेंबर, रविवार

परत! नऊ, बारा, पंधरा.

इथं खोटं लिहून उपयोग नाही. ट्रेनिंगमधले सर टेबलावर हात आपटून सांगायचे — भिंगातून एका वेळी दिसतं ते एक फील्ड, अशी शंभर बघितल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही. पंचवीस वर्षं मी शंभर बघितली. मग रोज नाहीच, नाहीच. शंभराची ऐंशी झाली, ऐंशीची साठ. सोमवारी तिची स्लाइड मी चाळिसावर सोडली. चाळिसावर! काय घाई होती? काही नाही. घरी तरी कोण वाट बघत होतं?

रविवार असून दवाखाना उघडला. तिची स्लाइड डब्यात होती. मोजत बसले. सत्त्याऐंशीव्या फील्डमध्ये रक्तपेशीवर आडवा पट्टा. चौथ्या दिवशी उलटणारी मलेरियाची जुनी जात. इथं ती कुणी बघून पंधरा वर्षं झाली.

आणि शिवणवाली कुठं गेलेलीही नाही. वर्षभर मशीन सोडून हललेली नाही. म्हणजे डास इथलाच.

१६ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांना दाखवलं. मायक्रोस्कोपवरून डोळा उचलेनात. तरुण माणूस, चांगला आहे. मग हळूच म्हणाले, 'बाई, चौदा दिवस राहिलेत. गोळ्या आज देऊन टाकू. बरी होईल ती. नोंद... नोंदीचं नंतर बघू.' मी स्लाइड परत डब्यात ठेवली. 'तुमचीच चूक आहे ना? तुमच्यासाठीच सांगतोय.'

खरंच माझ्यासाठी सांगत होते. तेच जास्त लागलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नोंद केली. पॉझिटिव्ह. खाली लिहिलं — आधी निगेटिव्ह दिली होती, चाळीस फील्ड बघून. सही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

फलकावरचा आकडा कुणीतरी पुसला. वरून दिवसभर फोन. देशाचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून! औषधं देणारा माझ्याकडे न बघता म्हणाला, 'काही जणांना जागा टिकवायची असते.' अंगाची आग झाली. शून्यावर शून्य येत होतं तेव्हा, एखादी तरी पॉझिटिव्ह सापडू दे, असं मनात कधी आलंच नव्हतं का? आलं होतं. एकदा नाही, खूपदा. मग कोणत्या तोंडानं भांडू?

गल्लीत नवीन नाव पडलंय — शून्य खाणाऱ्या बाई.

शिवणवाली मात्र पाचला हजर. अशक्त झालीय, पण जीभ तिखटच. 'माझ्या एका थेंबानं सरकारचं मुसळ केरात! एवढी मोठी मी कधी झाले?' आणि मग म्हणाली, 'चाळिसावर सोडलंत ते मला सांगितलंत, बरं केलंत. दुसरं कुणी सांगितलं नसतं.' ती गेल्यावर पायरीवरच रडत बसले.

२३ सप्टेंबर, सोमवार

शोधपथक आलं. तिच्या घराभोवतीची सगळी घरं, सगळी माणसं. हा आजार एका माणसाच्या रक्तातून डासात आणि डासातून दुसऱ्यात. म्हणजे तिच्या आधी कुणीतरी असलंच पाहिजे. चौसष्ट स्लाइड. अळ्या एकाच ठिकाणी मिळाल्या — माझ्या क्वार्टरच्या मागच्या टाकीत. हे असताना झाकण फुटलं होतं. 'बदलू' म्हणाले होते. मग मी कधी मागं वळून बघितलं नाही. पथकातल्या बाईनं लिहून घेतलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

चौसष्ट संपल्या. प्रत्येकीची शंभर फील्ड, बोटानं मोजून. पाठ मोडून गेली. सगळ्या निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, 'मग तिच्यात आला कुठून?' यादी परत तपासली. एका घराचं रक्त घ्यायचं राहिलं होतं, माझ्या क्वार्टरचं. दवाखान्याचंच घर म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही!

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तीस वर्षं दुसऱ्यांची बोटं टोचली. आज स्वतःचं टोचलं. शंभर फील्ड — काही नाही. नियमानं इथं 'निगेटिव्ह' लिहून उठता आलं असतं. कुणी बोट ठेवलं नसतं.

उठले नाही. एकशे त्रेचाळिसाव्यात पट्टा.

ताप नाही, कणकण नाही. ती फेकलेली पुडी! तेव्हाचा मलेरिया इतकी वर्षं माझ्या रक्तात मुकाट बसून राहिला. माझं रक्त, माझी टाकी, माझी पायरी. आणि रोज तिला हाक मारून बसवत होते ती मीच.

पाचला ती येईल. आज पायरीवर नाही, आत बसायचं, जाळीचं दार लावून. आधी तिला सांगेन, मग डॉक्टरांना.