मौनाचे गुरुवार

गुरुजी, काल मी तुम्हाला पाहिलं. गंगापूर रोडवरच्या एका गॅलरीत, एसीमध्ये, अकरा ठिकाणी. एका चित्रात तुम्ही बनियनवर बसून शेंगा सोलताय, एकात चष्मा कपाळावर चढवून पायाची नखं कापताय, आणि दारासमोरच्या सगळ्यात मोठ्या चित्रात तोंड उघडं, एक हात वर, कोणाची तरी नक्कल चाललेली. प्रदर्शनाचं नाव ‘गुरुवार’. चित्रकार पेठ तालुक्याकडची, चाळिशीतली बाई. वर्तमानपत्रात तिच्यावर अर्धं पान आलं होतं. त्यात नाशिकची माती, डोंगरातली रेषा वगैरे सगळं होतं, फक्त तुम्ही नव्हता. मी गेलो ते शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी आग्रह केला म्हणून. संस्कृतच्या मास्तराला एरवी कोणी कुठं बोलावत नाही. मुलं आमच्याकडं मार्कांसाठी येतात आणि मार्क मिळाले की ओळख विसरतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, रूपं तरी पाठ करतात.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुमचा एकही फोटो कोणाकडं नाही. शोकसभेत आम्ही पाटावर तुमचं उपरणं घडी करून ठेवलं आणि हार त्याला घातला. घडीवरून तो सारखा घसरत होता, म्हणून सभा संपेपर्यंत मी तो एका हातानं धरून बसलो होतो. तेव्हापासून दर पुण्यतिथीला मीच बोलतो. गुरुजींनी नामरूपाचा मोह जिवंतपणीच सोडला होता, असं सांगतो आणि दोन दाखले देतो: आपलं चित्र त्यांनी कधी कोणाला काढू दिलं नाही, आणि दर गुरुवारी ते मौन पाळत. दुसऱ्या दाखल्यापाशी माझा आवाज दाटतो. हल्ली तो सवयीनं दाटतो, पण दाटतो.

पहिल्या दाखल्याचं मूळ मीच आहे, हे मात्र मी सभेत सांगत नाही. मी पंधरा वर्षांचा. पंचवटीतल्या तुमच्या खोलीत दुपारचा पाठ चाललाय, धातू म्हणता म्हणता तुमची मान छातीवर पडलीय, आणि मी वहीच्या शेवटच्या पानावर तुम्हाला काढतोय: कपाळावरचा चष्मा, कानावरचे केस, ते नाक. अचानक तुमचा हात येतो आणि वही उचलतो. तुम्ही पुष्कळ वेळ पाहता. मला वाटतं, हसाल. तुम्ही म्हणता, “माणसाचं रूप काढणं म्हणजे त्याला दाव्यानं बांधणं. माझं कोणी काढायचं नाही. जा, नळाखाली धर.” मी पान नळाखाली धरतो. शाई उतरते, तुम्ही उतरता, पान सगळं निळं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमचं शाईपेन दिलंत आणि म्हणालात, “यानं अक्षर काढ, शहाण्या.” त्या पेनानं मी अक्षरच काढलं. चित्र त्यानंतर कशानंच काढलं नाही. तुमच्यासारख्या माणसाचं व्रत मोडता मोडता वाचलो, याचा मला वर अभिमानच होता.

काल त्या मोठ्या चित्रापुढं मी इतका वेळ उभा राहिलो, की ती बाईच जवळ आली.

“बाबांचे कोण तुम्ही?” तुम्हाला ती बाबा म्हणते.

“विद्यार्थी.”

“म्हंजे रोज संध्याकाळी वाचून दाखवायला यायचे, ते सर?”

हो म्हणालो. मग तिनं सांगितलं. तुमच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या बाई तिच्या मावशी. ही तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात, हॉस्टेलवर. समोर बसायला माणूस मिळेना, तेव्हा मावशी म्हणाली, बाबांना विचारून बघ. तुम्ही दोन वर्षं बसलात, दर गुरुवारी दुपारी.

“गुरुवारी त्यांचं मौन असायचं,” मी म्हणालो.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. “मौन? सर, लय बोलायचे. हालू नका म्हटलं तरी बोलायचे. गुरुवारी कोणी येत नाय, हाच दिवस बरा, म्हणायचे. सगळ्यांच्या नकला करून दाखवायचे. ही पण नक्कलच हाय ना.”

मी पुन्हा वर पाहिलं. वर गेलेल्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. वर्गात संधी समजावताना मी बोटं तशी धरतो. इतकी वर्षं धरतो. गुरुजी, ती नक्कल माझी होती, आणि चांगली होती.

इथपर्यंत मी सोसलं असतं. पण ती बोलत राहिली. “मी विचारलं होतं त्यांना, तुम्ही कोणाला काढू देत नाय म्हणतात, मग मला कसं? तर म्हणाले, एका पोरानं काढलं होतं. इतकं हुबेहूब, की मी भ्यालो. डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते. म्हटलं, हा आता चित्रांच्या मागं जाईल, मग मला वाचून कोण दाखवील? म्हणून दिलं एक व्रत ठोकून.” मग म्हणाली, “आणि म्हणाले, आता तो कुठं जात नाही. तू काढ खुशाल.”

ते पोरगं कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

तर्कशास्त्रात तुम्हीच शिकवलंत, की हेतूच खोटा निघाला तर त्यावरचं अनुमान टिकत नाही. मग ते कितीही जुनं असो. माझं सगळं अनुमान तुमच्या एका वाक्यावर उभं होतं. तुम्ही रागावून ते पान धुवायला लावलं असतंत तर चाललं असतं. खरोखर व्रत असतं, तर मी आजही पाया पडलो असतो. पण तुम्हाला चित्र आवडलं होतं. आवडलं म्हणून ते गेलं. मी मोठा चित्रकार झालो असतो असं नाही; बहुधा कुठल्यातरी शाळेत गॅदरिंगचे पडदे रंगवत बसलो असतो. ते वाईट रंगवायचा हक्क तरी माझा होता. विद्या तुम्ही भरभरून दिलीत, ते नाकारत नाही. फक्त संध्याकाळी दिवा लावून तुम्हाला वाचून दाखवताना मला वाटायचं, आपण निवडले गेलो आहोत. आपण अडवले गेलो होतो.

निघताना तिनं विचारलं, “तुम्ही रोज पाहिलंय त्यांना, सर. खरं सांगा. जमलेत का?”

चित्रकलेतली माझ्याइतकी जाण तिथं दुसऱ्या कोणाला नव्हती, असं त्या क्षणी मला वाटलं. मी दोन पावलं मागं गेलो, मान तिरकी केली आणि म्हणालो, “नाक जमलं नाही. शेंड्याशी जरा खाली यायला हवं.”

तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, “बरं झालं बोललात. बाकीचे नुसते छान छान म्हणतात. उद्या गॅलरी उघडली की रंग घेऊन येते, लोक यायच्या आत दुरुस्त करते.” तिनं तिचा नंबरही दिला. मी शेजारी उभा राहून सांगितलं तर तिला बरं पडेल, म्हणाली.

गुरुजी, नाक अगदी तुमचंच आहे. आता दहा वाजत आलेत, गॅलरी अकराला उघडते. द्वारका चौकात गाड्या अडल्या तरी मी वेळेत पोचेन, आणि फोन तर हाताशीच आहे. आणि मी तुम्हाला लिहीत बसलो आहे.