घासलेला रुपया

दादा, काल शाळेतून येताना एका हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन दिसलं आणि मी आत शिरले. शिरायला नको होतं. दुसऱ्याच टेबलावर काचेखाली तुमच्या त्या रुपयासारखाच रुपया होता, काळाकुट्ट, शेजारी किमतीची चिठ्ठी. विक्रेता म्हणाला, "मॅडम, बोला तर खरं, कमी-जास्त करू." मी चिठ्ठी न वाचताच बाहेर पडले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमच्या लेकीला अजून त्या आकड्याची भीती वाटते.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालात आणि दर बुधवारी गोदाकाठच्या बाजारात गोणपाट अंथरून बसायला लागलात. आई म्हणायची, साहेबांच्या हाताखाली काढली नोकरी आणि आता भंगारवाल्यांच्या रांगेत. तुम्हाला फरक पडत नव्हता. समोर भोकाचे पैसे, तांब्याच्या शिवराया, राजाच्या डोक्याचे रुपये, आणि सदऱ्याच्या खिशात कागदात गुंडाळलेला तो एक. नाशिकला गुलशनाबाद म्हणत तेव्हा इथल्याच टाकसाळीत पाडलेला. सकाळच्या शाळेत शिकवून झालं की मी तुमचा डबा घेऊन यायची आणि शेजारी बसून भाव करणं बघायची. तुमची शिकवणी सुरूच असायची. "गिऱ्हाईक खोट काढणारच बाई. खोट काढली म्हंजे त्याला ते लय पाहिजे हाय. आपण आकडा सांगायचा अन् गप बसायचं." ओझरच्या कारखान्यातले ते सफारीवाले गृहस्थ आठवतात? त्या रुपयासाठी दोनावरून तीन हजारांवर आले. तुम्ही चार म्हणालात आणि बिडी पेटवलीत. ते निघून गेले तरी तुम्ही खूश होतात.

एका दिवाळीला मी म्हटलं, हा रुपया लक्ष्मीपूजनात मांडू या, आणि हात पुढे केला. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "हात लावायचा नाय!" मी तेव्हा तीस वर्षांची, दोन मुलांची आई. मला वाटलं, देवालासुद्धा द्यायला जीव होत नाही या माणसाचा. कारण सांगायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं, दादा? एक वाक्य पुरलं असतं. पण तुम्ही मला भाव शिकवलात, नाणं शिकवलंच नाहीत.

मग तुम्ही आजारी पडलात. डॉक्टरांनी चार इंजेक्शनं लिहून दिली, हजाराला एक, चारही लागोपाठ द्यायची. तोवर माझ्या बांगड्या गेल्या होत्या, फ्रिज गेला होता, यांच्या भावाकडे तोंड वेंगाडून झालं होतं. तुम्हीच खुणेने जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "सफारीवाल्याला दे. चारच्या खाली यायचं नाय."

बुधवारी सकाळी शाळेला रजा टाकून मी मोरीत बसते. हातात तो रुपया आहे, काळा, पानाच्या डागांसारखा डागाळलेला. इतके पैसे मागायचे आणि असं कळकट नाणं पुढे करायचं? आपल्या घरात पूजेचं चांदीचं ताम्हन जसं घासतात तसं मी ते घासते. रांगोळी, लिंबू, जुना ब्रश. अक्षरांच्या खाचांतूनसुद्धा काळं काढते. शेवटी ते असं लखलखतं की मला रडू येतं, वाटतं, आता दादा वाचले.

सफारीवाले बाजारात भेटले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच काढलं. "अरेरे! ताई, हे कोणी घासलं?"

मी मनात म्हटलं, काढली खोट. म्हणजे पाहिजे आहे. मी म्हटलं, "चार हजार."

"अहो, याचा जुनेपणाच गेला. तो काळेपणाच बघतात संग्रह करणारे. आता ही नुसती चांदी. मी सहाशे देतो, तेही तुमच्या वडिलांकडे बघून."

मी गप्प बसले. तुमच्यासारखी. त्यांनी परत समजावलं, मी नदीकडे बघत राहिले. किती शहाणी समजत होते मी स्वतःला! ते उठले, रुपया माझ्या हातावर ठेवला आणि चालू लागले. मी वाट बघितली की ते वळतील. भांडीवाल्यापर्यंत गेले, बोंबीलवाल्यांच्या पलीकडे गेले, वळले नाहीत. मग मी पळाले, दादा. पदर सावरत, लोकांना ढकलत पळाले. पुलाच्या तोंडाशी त्यांना गाठलं आणि तिथे, रस्त्यात, दवाखाना, इंजेक्शनं, सगळं सगळं ओकले.

"ताई, मी खोटं बोलत नव्हतो हो," ते म्हणाले. त्यांनी सहाशे दिले, वर पन्नास दिले आणि माझ्याकडे न बघता गेले. ते पन्नास मनाला जास्त लागले.

पदरचे साडेतीनशे घालून एक इंजेक्शन आलं. ते देऊन झाल्यावर तुम्ही विचारलंत, "गेलं?"

"चार हजाराला," मी म्हटलं.

तुमचा चेहरा केवढा फुलला! मग तुम्हाला सगळं ऐकायचं होतं, तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस. मी एकेक वाक्य रचून सांगितलं. तो अडीचवर अडला, मी नदीकडे बघितलं, तो उठला, दहा पावलं गेला आणि वळला. तुम्ही मध्येच मला थांबवलंत, "तिथं हसायचं नसतं," आणि स्वतःच खोकला येईपर्यंत हसलात. मग म्हणालात, "उरलेल्या सुया कधी देणार?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात एकातच गुण आलाय, बाकीची नकोत. तुम्ही मान डोलावलीत. भाव करण्यात जन्म घालवलेला माणूस माझ्याशी एका शब्दानेही घासाघीस न करता डोळे मिटून पडून राहिला.

शुक्रवारी दुपारी तुम्ही गेलात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? वह्यांच्या गठ्ठ्याखाली राहील. फक्त एक लिहून ठेवते. आईला, यांना, सगळ्या नातेवाइकांना मी आजवर सांगत आले की डॉक्टर म्हणाले होते, चारही दिली असती तरी उपयोग नव्हता. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते, दादा. मी त्यांना विचारलंच नाही.