बिनमाणसाचं दुकान

तीर्थस्वरूप मन्मथदादा यांसी,

आखाडा बाळापूरहून धाकटी बहीण मोहिनी हिचा पाया पडून नमस्कार. इकडं सगळे खुशाल. तुमची, वैनीची आणि आईची तब्येत चांगलीच असणार असं धरून चालते, काहून की बिघडली असती तर कळवलं असतं. तुमच्याकडून निरोप आजकाल फार लवकर येतात. माझ्या भाचीच्या, सपनाच्या लग्नाची पत्रिका पोचली. एस.टी.च्या कंडक्टरनं आणून दिली, बिचाऱ्यानं चहासुद्धा घेतला नाही. त्याच दिवशी वैनीचा फोन आला, की काळीपिवळी जीप अर्ध्या अर्ध्या तासाला सुटून राहिली, घर तुमचंच हाय, आपल्या आपल्या निघून या. बराबर आहे. बापू होते तोवर बापू गाडीबैल घेऊन न्यायला यायचे, त्यांच्यामागं तुम्ही लुना घेऊन येत गेलात. मुराळी आल्याबिगर मी आजवर कधी माहेरी, डोंगरकड्याला आले नाही. या वेळी मुराळी नाही, कंडक्टर आहे. म्हणून मी रागावले का? मुळीच नाही. रागावलेली बाई चार चार पानांचं पत्र लिहीत नसते. लग्नाला यायचं का नाही, तेवढंच अजून ठरायचं आहे. पण ते मागून. आधी आमच्या दुकानाचं ऐका, नाहीतर बाजारात भलतंच ऐकाल.

तर झालं असं, की मागच्या महिन्यात आमचे हे, म्हणजे तुमचे दाजी, चुलत्याच्या कामानं पुण्याला गेले. तिथं पुतण्यानं त्यांना एका भल्या मोठ्या दुकानात नेलं. आत शिरताना हातातली पिशवी काढून घेतली म्हणून आधी यांचं डोकं फिरलं (शिवहारअप्पाची पिशवी कोणी आजवर धरली नाही), पण आत गेल्यावर राग विरघळला. गिऱ्हाईक आपली टोपली घेतं, आपल्या हातानं माल काढतं, 'काय पाहिजे' म्हणून कोणी विचारत नाही. हे दोन तास फिरले आणि एक कंगवा घेऊन बाहेर आले. घरी आले ते चपला न काढताच सांगत सुटले. तिथं शेवटी पैसे घ्यायला एक पोरगी बसवली होती म्हणे, तेवढीच त्या लोकांची चूक. आपण तीसुद्धा बसवायची नाही. गिऱ्हाईक स्वतः माल घेईल, स्वतः काट्यावर तोलेल, फळ्यावरचा भाव बघून स्वतः हिशोब करेल, पैसे डब्यात टाकेल आणि सुटे ताटलीतून उचलेल. मी म्हटलं, मग आपण काय करायचं? तर म्हणाले, "आपुन दोघं सपनाच्या लग्नाला जायाचं. चांगलं आठ दिवस." दादा, खरं सांगते, मला हसू आलं. माहेरच्या एकाही कार्यात आम्ही जोडीनं उभे राहिलो नाही. मी आले की हे गल्ल्यावर, आणि हे आले की मी. तुमच्या भावकीतल्या निम्म्या लोकांना मी परित्यक्ता वाटत असेन. म्हणून मी उठले. फळा पुसून दिला.

फळ्यावर यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आपलं आपण घ्या, आपलं आपण तोला, आपलं आपण पैसे टाका.' आणि सकाळी दुकान उघडून आम्ही दोघं आतल्या खोलीत, दाराच्या फटीला डोळा लावून बसलो. गिऱ्हाईक आलं. जनकाबाई आली, उकंडराव आले, आणखी चार जण आले. आणि सगळे ओट्यावर बसून राहिले. दुकान उघडं, माल समोर, पण आत कोणी पाऊल टाकीना. आपल्या हातानं बोहनी कशी करायची? बोहनी ही द्यायची असते, आणि घेणाऱ्यानं ती कपाळाला लावायची असते. इथं घेणाराच नाही! शेवटी जनकाबाईला चहापत्ती पाहिजेच होती, घरी पाहुणे बसलेले. ती आत आली, यांच्या रिकाम्या खुर्चीपुढं उभी राहिली, पदर सारखा केला आणि खुर्चीला म्हणाली, "शिवहारअप्पा, घेऊ का?" खुर्ची काय बोलणार. तिनं दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तसा यांचा धीर सुटला आणि दाराआडून आवाज दिला, "घ्या न बाई, घ्या!" झालं. त्या दिवसापासून बाळापुरात कोणीही खुर्चीला विचारल्याशिवाय माल उचलत नाही, आणि यांना दिवसभर दाराआड बसून 'घ्या, घ्या' म्हणावं लागतं. बिनमाणसाच्या दुकानाला आमचा एक अख्खा माणूस लागू लागला.

दुसरी तकलीफ काट्याची. नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, लाल आकडे दाखवणारा. हे तोलायचे तेव्हा पाव किलो म्हणजे पाव किलो, कोणी बघायचं नाही. आता गिऱ्हाईक स्वतः बघतं म्हटल्यावर प्रत्येकाला ईमानदारीचं वारं लागलं. उकंडरावांनी तुरीची डाळ तोलायला घेतली. आकडा थोडा पुढं गेला म्हणून त्यांनी चिमटीनं दाणे काढले. मग आकडा मागं आला म्हणून परत टाकले. असं करता करता मागं रांग लागली. त्यात वरचा पंखा फिरून राहिला, त्याच्या वाऱ्यानं आकडा थरथरायचा, म्हणून उकंडरावांनी पंखा बंद करायला लावला. वैशाखाचं ऊन, पत्र्याचं छप्पर, आठ माणसं घामाघूम, आणि हे गृहस्थ एकेक दाणा टाकून राहिले. शेवटी आकडा बराबर लागला तेव्हा मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. उकंडराव इतके खुश झाले की दुसऱ्या दिवशी घरी डाळ असताना पुन्हा तोलायला आले.

पण दादा, नुसती रड सांगितली तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. या बिनमाणसाच्या दुकानाचे फायदे मला सुचलेच नव्हते असे निघाले. मिठाचंच घ्या. मीठ हातात दिलं की भांडण होतं म्हणून आम्ही पुडा आधी फळीवर ठेवायचो आणि मग गिऱ्हाईकानं तो उचलायचा. आता देणाराच नाही, तर भांडण कुठून होणार! कॉलेजच्या पोरींचं तर सोनं झालं. त्यांच्या वस्तू त्या आधी मागत नव्हत्या. हे गल्ल्यावर असले की समोरच्या झाडाखाली उभ्या राहून माझी वाट बघायच्या, आणि मी आले की 'काकू, ते' एवढंच म्हणायच्या. आता येतात, घेतात, कागदात गुंडाळतात, पैसे टाकतात, ताठ मानेनं जातात. (हे तेवढ्यापुरतं 'घ्या' म्हणत नाहीत. त्यांना अक्कल आहे, वेळेवर सुचते.) आणि आमचा देवला, तो शेळ्यावाला, फार लाजरा. दुकानात आला की हे त्याला एकच लाल साबण काढून द्यायचे आणि तो घेऊन जायचा. आता त्याला कोणी देईना, तर त्यानं फळीवरचा एकेक साबण नाकाला लावून बघितला. दुपार गेली. शेवटी गुलाबी रंगाचा, मोगऱ्याच्या वासाचा निवडला. जन्मभर त्याला लाल साबण आवडत नव्हता म्हणे, पण अप्पांना कसं सांगावं? आता त्याची बायको त्याला रोज विचारते, की शेळ्यांमागं जाताना एवढं घमघमून जायाचं काहून?

आता खरी गंमत सांगते, आणि यातच आमचा सगळा माल गेला. तुम्हांला माहीतच आहे, वजन झालं की दुकानदार वरून चिमूटभर टाकतो. शेंगदाण्यावर चार शेंगदाणे, साखरेवर बोटभर साखर. वजनात ते नसतं, पण ते टाकल्याबिगर बाळापुरातलं माणूस पिशवी उचलत नाही. आपलं आपण तोलण्याच्या धांदलीत यांना वरच्याची आठवणच राहिली नाही. जनकाबाईनं साखर तोलली, आकडा बराबर आला, आणि ती उभीच. मी फटीतून बघते तर बाई नुसती पोत्याकडं बघून राहिली. स्वतःच्या हातानं वरचं घेतलं तर ती चोरी, आणि न घेता जावं तर दुकानदारानं मन दाखवलं नाही असं होतं. शेवटी तिनं मागच्या बाईला सांगितलं, "तू टाक माय माझ्यात, मी टाकते तुझ्यात." दादा, परक्याच्या पोत्यातून देताना माणसाचा हात किती मोठा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. चिमटीची मूठ झाली, मुठीची ओंजळ झाली. 'राहू द्या, राहू द्या' म्हणायचं आणि पिशवीचं तोंड उघडं धरायचं. गावाच्या पार दुसऱ्या टोकाचे लोक आमच्याकडं येऊ लागले. डब्यातले पैसे मात्र मालाला बराबर, एक रुपया इकडचा तिकडं नाही. तोललेल्या मालाला बराबर, एवढंच.

मी म्हटलं, फळ्यावर लिहा, वरचं बंद. हे लिहायला उठलेही होते, खडू हातात घेतला होता. तेवढ्यात पंचफुलाबाई आत आली, आणि तिच्यामागं आशाबाई. या दोघी सख्ख्या जावा. घराच्या वाटणीपासून एकमेकींचं तोंड बघत नाहीत, नळाला वेगवेगळ्या वेळेला जातात. दुपारची वेळ, दुकानात तिसरं माणूस नाही. पंचफुलाबाईनं जिरे तोलले आणि उभी राहिली. आशाबाईनं खोबरं तोललं आणि उभी राहिली. वरच्याबिगर दोघीही हलेनात, आणि मागणार कोण? यांनी माझा हात घट्ट धरला होता. बऱ्याच वेळानं आशाबाईनं भिंतीकडं तोंड करून, न बघता, पंचफुलाबाईच्या पुडीत चार जिरे टाकले. पंचफुलाबाईनं खोबऱ्याचा एक तुकडा टाकला. आशाबाईनं मूठभर टाकले. पंचफुलाबाईनं खोबऱ्याची अख्खी वाटी टाकली. असं होता होता आशाबाई एकदम म्हणाली, "पुरे न माय, अप्पाचं दिवाळं काढती का?" आणि दोघी अशा हसल्या, दादा, की हसता हसता रडायलाच लागल्या. एकमेकींचे डोळे पुसून, एकाच छत्रीखाली घरी गेल्या. यांनी खडू खिशात ठेवला. मीही मनात म्हटलं, किती का माल जाईना.

शेवटी तोडगा निघाला. आता दुकानात सगळं आपलं आपण. फक्त वरचं देण्यासाठी खुर्चीत एक माणूस बसतो. तो माणूस म्हणजे हेच. इतक्या खटपटीनंतर हे जिथून उठले होते तिथंच येऊन बसले आहेत, पण तोंडावरून वाटतं की बढती मिळाली. आणि आम्ही लग्नाला गेलो तर खुर्चीत बसायला पंचफुलाबाई आणि आशाबाई दोघी तयार आहेत, एकीला सोडून दुसरी बसायची नाही म्हणतात. म्हणजे दुकानाचा काही अडथळा उरला नाही. दुसरा कुठला अडथळा आहे का, ते तुम्ही बघा.

वैनीला नमस्कार, आईला दंडवत, सपनाच्या गालावरून माझा हात फिरवा. शब्द जास्त झाले असतील तर वरचे समजून पिशवीत टाका.

तुमची,
मोहिनी

ता. क. वर लिहिलं आहे की मी रागावले नाही. ते पुन्हा वाचून बघितलं. अक्षर चांगलं आलं आहे म्हणून खोडत नाही.

ता. क. दुसरी. दादा, डाळ माणूस आपल्या हातानं घेतो, साबण घेतो, मीठ घेतो. पण माहेर आपलं आपण घेता येत नाही. कोणी तरी न्यायला यावं लागतं. काळीपिवळी अर्ध्या तासाला सुटते हे मलाही माहीत आहे, ती आमच्या दारावरूनच जाते. तुम्ही या.

ता. क. तिसरी. पोष्टानं हे पत्र लग्न झाल्यावर पोचलं असतं, म्हणून यांच्याच हाती पाठवते आहे. यांना वाटतं पत्र त्यांच्या योजनेबद्दल आहे आणि ते वाचून तुम्ही आपल्या खताच्या दुकानात तीच योजना कराल, म्हणून मोठ्या उत्साहानं निघाले आहेत. तसंच वाटू द्या. जेवू घाला, योजनेची तारीफ करा (थोडीच), आणि उद्या त्यांच्याच बरोबर या. मुराळ्याला आणायला नवरा पाठवणारी तालुक्यातली पहिली बाई मीच असेन. उद्या बाजाराचा दिवस आहे, तेव्हा स्टँडवर उतरू नका. जीप थेट दुकानाच्या दारापर्यंत आणा आणि खाली उतरून मला जोरात हाक मारा. माझा भाऊ मला न्यायला आला, हे सगळ्या बाळापुरानं बघितलं पाहिजे.