ओढ्याकडचं निळसर गांडूळ

९ मे

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझी पाठ बरी असेल, वहिनीचा खोकला गेला असेल, असं धरून चालते, कारण आज चौकशी करायच्या मनःस्थितीत मी नाही. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

आमच्या विभागप्रमुखांनी भर उन्हाळ्यात टेकडीखालच्या कुरणात मोहरीचं पाणी ओतलं. पावसाळ्यात ते ओतलं की अंग चुरचुरून गांडुळं वर येतात, मग आम्ही मोजतो. उन्हाळ्यात ती हातभर खाली अंगाची गाठ करून झोपलेली असतात, वर कशाला येतील? भरदुपारी दार वाजवायचं आणि कुणी उघडलं नाही की घर ओसाड म्हणायचं, त्यातला प्रकार! सरांनी अहवालात लिहिलं की गांडुळं नाहीत, माती मेलेली आहे. आणि खाली मला न विचारता माझंही नाव! त्याच कुरणात चार प्रकारची गांडुळं मी स्वतः पाहिलीत.

आता तिथे बसडेपो होणार म्हणे, आणि परवानगी तुमच्याच नगरपालिकेची. ज्या दिवट्याने डोळे मिटून सही केली, त्याला शोध आणि माझ्या वतीने चांगला फैलावर घे.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती वाढव.

तुझी धाकटी

१५ मे

चि. गांडूळबाईस,
अ. आ.

पाठ बरी आहे. खोकला गेला. दिवटाही सापडला, तो मीच.

कागदावर तुझं नाव दिसलं आणि पुढचं वाचलंच नाही. बहिणीचं काम म्हणून कचेरीभर मिरवत फिरलो. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर छप्पन्न शंका काढल्या असत्या. कौतुक करावं, पण वाचून करावं, असं तुझी वहिनी म्हणते.

काल तुझं पत्र मिळताच फावडं घेऊन गेलो. हातभर खाली सुपारीएवढ्या गाठी निघाल्या. एक तळहातावर घेतली, तर हळूच हलली. स्वतःची आणि तुझ्या सरांची अशी चीड आली की तिथल्या तिथे बुलडोझर थांबवला. ओढ्याकडची बाजू तेवढी आधीच सपाट होऊन तिच्यावर खडीही पडली होती, बाकी कुरण वाचलं. सही मागे घेतली. साहेब बदलीची धमकी देतायत, देऊ देत.

आता राग सोड, नीट जेव आणि खरा अहवाल धाड.

तुझा दादा

४ ऑगस्ट

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

बदली टळली हे वाचून बरं वाटलं. मी नवा अहवाल दिला. सरांनी मला उर्मट म्हटलं, मी हो म्हटलं.

उरलेलं कुरण मी वीत वीत तपासलं. गवताच्या मुळाशी ढेकळागणिक गांडुळं आहेत, पण तीनच प्रकारची. चौथं, ते निळसर, ओढ्याकडच्या ओल्या मातीतच राहायचं. तिथे आता रोलरने दाबलेली खडी आहे. खडीच्या कडेकडेने खणलं, पलीकडच्या काठालाही खणलं. कुठेच नाही.

तू साहेबांना अंगावर घेतलंस, म्हणून भावावर रागावू नको असं सगळे सांगतात. राग नाही असंच लिहायला बसले होते. पण आहे, दादा. परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू माझ्या नावावर विश्वास ठेवलास म्हणून ते गेलं, हे मी कुणाला सांगू?

थोरला आहेस, म्हणून नमस्कार करते. तुझा लोभ राहू दे. माझा परत यायला वेळ लागेल.

तुझी धाकटी