भोंग्याची वायर

३ मार्च, सोमवार
मसुदा गेला एकदाचा! बुडालेल्या फेरीबोटीच्या तपासाचा अहवाल, चोपन्न पानं. पहिल्या पानावर आमच्या खात्याचं नेहमीचं ठळक वाक्य — 'दोष देणे हा या तपासाचा हेतू नाही.' दुसऱ्या पानापासून जो तो तेच शोधणार. हरकतींसाठी संबंधितांना तीस दिवस. संबंधित म्हणजे बोटीची कंपनी आणि चालकाची बायको. चालकाला विचारायची सोय नाही. एकोणीस प्रवासी बाहेर काढले आणि स्वतः आत राहिला.

नवरा म्हणाला, "तपास करायचा, पण दोष कोणाचा ते सांगायचं नाही. मग करता काय दिवसभर?" शब्दांचा कीस पाडतो, दुसरं काय.

५ मार्च
सगळं भांडण पान सतरावर. बोटीच्या तळात पाणी शिरलं की चालकाजवळचा भोंगा वाजायला हवा. वाजला नाही, कारण त्याची वायर सुटलेली. मी लिहिलंय — गंजून सुटली असावी. कंपनी म्हणते, चालकानेच काढली. मेलेला माणूस फार सोयीचा, उलट उत्तर देत नाही. पण त्याच्या माथी हे मारू देणार नाही.

१२ मार्च
लॅबवाला सकाळीच टपकला. "मॅडम, वायरचं टोक फार स्वच्छ आहे. गंजून सुटल्यासारखं वाटत नाही." म्हटलं, तीन आठवडे पाण्यात होती, धुतली गेली असेल. हल्ली जो तो तपास अधिकारी.

२० मार्च
कंपनीच्या हरकती आल्या. एकेचाळीस पानं, गुळगुळीत रंगीत मुखपृष्ठ. बोटीच्या तळाच्या पत्र्याबद्दलचा 'गंजलेला' हा शब्द काढून 'वयोमानानुसार झिजलेला' घाला म्हणे. बोट आहे की आजोबा?

२१ मार्च
साहेब म्हणाले, "मधला मार्ग काढू. 'कारण निश्चित करता आले नाही', असं लिहा." साहेबांचं लाडकं वाक्य. त्याचा रबरी शिक्काच करून घ्यावा. मी नाही म्हटलं. साहेबांनी फक्त स्वतःसाठी चहा मागवला, म्हणजे चिडले.

२५ मार्च
चालकाच्या बायकोचा फोन. "ताई, एवढं मोठं पुस्तक, मला काय कळणार त्यातलं?" म्हटलं, पान सतरा तेवढं वाचा. तुमच्या नवऱ्याची काही चूक नव्हती, असं लिहिलंय मी. म्हणाली, "असं लिहिलंय होय." आणि फोन ठेवला. भरून आलं असेल बिचारीला. मलाही आलं, खोटं कशाला बोलू.

३१ मार्च
जिंकले! साहेबांनी पान सतरा तसंच ठेवलं. लॅबवाला जिन्यात भेटला तेव्हा मुद्दाम हसले.

२ एप्रिल
हरकतींचा शेवटचा दिवस. तिचं पत्र आलं, वहीचं एकच पान.

"भोंगा पाणी नसतानाही वाजायचा, दर फेरीला. यांनी कंपनीला तीनदा लिहून दिलं, कोणी बघायला आलं नाही. शेवटी वायर यांनीच काढली. घरी येऊन मला सांगितलं होतं. तिन्ही अर्जांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. ताई, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत. पण यांच्या नावाने खोटं नको."

कंपनीच्या एकेचाळीस पानांत या अर्जांचा उल्लेख नाही. माझ्या चोपन्न पानांतही नाही.

पाच महिने तपास केला. तिला मी काही विचारलंच नव्हतं.