अण्णाच्या दुकानाचा कट्टा

२८ सप्टें. ५९, हुबळी

ठराव पास. दाजीबानपेठेत गटारीवर बांधलेले दुकानांचे कट्टे काढायचे. गटार तुंबली की मागच्या बोळात हमालांच्या घरांत पाणी. यंदा बायकांनी खाटेवर शेगडी ठेवून भाकऱ्या भाजल्या. सभेत विचारलं, सुरुवात कुठून? म्हटलं, माझ्या घरापासून. नगरपालिकेत लाल बावट्याचा मी एकच सभासद, तोंड मात्र दहा जणांचं. म्हणजे अण्णाचा कट्टा पहिला. थोरला भाऊ, कापडाचं दुकान. वडील, अप्पा, जन्मभर त्याच कट्ट्यावर बसून गिऱ्हाइकांना हाका मारायचे.

१ ऑक्टो.

अण्णानं बोलणं टाकलं. दुकानावरून गेलो तर मान खाली घालून मांजरपाट मोजायला लागला. समोर गिऱ्हाईक नव्हतं. वाईट वाटलं. रागही आला. शालू म्हणते, ठराव बरोबर, पण आधी घरी सांगायचंत. बायकोचं शहाणपण, वरातीमागून घोडं. सांगितलं असतं तर तो हो म्हणाला असता? मग?

५ ऑक्टो.

येत्या शनिवारी तोडायचं, ठरलं. उशीर केला तर शेटलोक कोर्टात जातील. मुकादम यल्लप्पा, आमच्याच युनियनचा, काहीतरी सांगत होता. म्हटलं, सबबी नकोत, माणसं आण.

शनिवार, खंडेनवमी

फजिती. सगळी पेठ बघायला जमलेली, आणि यल्लप्पाची माणसं आली हात हलवत. पहारी, कुदळी नगरपालिकेच्या शेडमध्ये. कुंकू लावून, झेंडू वाहून, ओळीनं मांडलेल्या.

"इवत्त हारी मुट्टंगिल्ल्री, दत्ताण्णा," यल्लप्पा मला म्हणाला. आज पहारीला हात लावायचा नाही. हेच बिचारा त्या दिवशी सांगत होता. देव न मानणाऱ्यानं निदान पंचांग तरी बघावं.

शेटलोक हसले, माणसं हसली. अण्णाच्या दुकानातही कापड मोजायच्या गजाला हळदकुंकू, गल्ल्यावर हार. तो दारातच उभा होता. उपरणं तोंडाला लावून हसला. पण हसला. जीव भांड्यात पडला माझा.

दसरा

संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन अण्णाकडे. पक्षात कुणी विचारलं तर बघू. वहिनीनं आत घेतलं. पान दिलं, पाया पडलो. सोन्यासारखं राहू म्हणायची इकडची रीत, पण मी वहिनीशी पावसापाण्याचंच बोलत राहिलो. शेवटी अण्णाच म्हणाला, "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण." भांडण मराठीत, समेट कानडीत. आमच्या घरचं असंच.

फराळाची ताटली पुढे सरकवली, आणि माझ्याकडे न बघता, "उद्या ये. कट्ट्यावर पहिला घाव तूच घाल. परक्याचा नको."

बाहेर आल्यावर रडू आलं. घरापर्यंत चालतच आलो, शालूला सगळं सांगितलं. किती हलकं वाटतंय.

सोमवार, सकाळी

पुष्कळ दिवसांनी गाढ झोप. यल्लप्पा खालून हाका मारतोय, आज पहारी घेऊन. अण्णा बोलतो तरी आहे, मोठं ओझं उतरलं. पण तो तिथं उभा राहणार. आणि ती फरशी, अप्पांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेली...

शालूनं विचारलं, जमेल ना?

म्हटलं, ठराव माझाच आहे.

"हातही तुमचाच," ती म्हणाली.

निघतो.